लेबलवरची 'कामिनी' कोण?

प्रश्न : पोटमाळ्यावर 'महल'मधल्या 'आएगा आनेवाला'ची ७८ची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी) तबकडी सापडली. लेबलवर गायिका म्हणून 'कामिनी' छापलंय. गाणं लताबाईंचंच ना? शिवाय सुरुवातीला आवाज फार बारीक येतो, मग भरतो. तबकडी झिजली असेल का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : लताबाईंचंच. १९४९च्या या चित्रपटात मधुबालाच्या भूमिकेचं नाव कामिनी, आणि पार्श्वगायकांची नावं छापायची रीत तेव्हा रुळलेली नव्हती. म्हणून लेबलवर पात्राचंच नाव पडलं. (चित्रपटात तर ती कामिनीही खरी नव्हे, बागवानाची मुलगी!) रेडिओवर गाणं वाजू लागलं, 'ही गाते कोण?' अशी श्रोत्यांची पत्रं आली, तेव्हा नाव जाहीर झालं. तुमच्याच गावच्या शीख मोहल्ल्यात जन्मलेली ही गायिका त्या वेळी जेमतेम विशीची होती.

बारीक आवाज मुद्दाम साधलेला आहे. संगीतकार खेमचंद प्रकाश. माइक खोलीच्या मधोमध होता. मुखड्याआधीच्या ओळी लताबाईंनी कोपऱ्यातून, माइककडे चालत येत गायल्या आणि मुखडा धरला तो माइकपाशी पोहोचून. नुसतं बटण फिरवून आवाज उतरवला असता तर तो लहान झाला असता, लांब गेला नसता. माणूस दूर असला की थेट गळ्यातून येणाऱ्या आवाजापेक्षा भिंतींवरून परतलेला आवाज माइकमध्ये जास्त शिरतो. जवळ आला की उलट. कानाला अंतर कळतं ते यावरून.

झिजेची खूण निराळी. मोठ्या, चढ्या सुरांवर आवाज फाटतो, चरचरतो. लेबलजवळच्या खाचांत जास्तच. तार सूर स्वच्छ लागत असतील तर तबकडी ठणठणीत समजा.

पिन मात्र दर बाजूला नवी लावा. तबकडीत लाखेबरोबर दगडाची पूड असते, तीवर पोलादी पिन घासून खाचेच्या आकाराची होते. तीच पुन्हा वापरली की तिच्या धारा खाच कुरतडतात. वेग तपासायला ७७ रेघांची स्ट्रोब चकती ठेवून चोकवाल्या जुन्या ट्यूबलाइटखाली पाहा. ५० हर्ट्झच्या विजेवर रेघा स्थिर दिसल्या की वेग मिनिटाला ७७.९२ फेरे, म्हणजे बरोबर. एलईडीखाली बहुधा फसाल.

प्रश्न : अशी तबकडी स्पिरिटने पुसली तर चालेल?
— एक वाचक, वडोदरा

उत्तर : अजिबात नाही, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. कोमट पाणी, साबणाचा एखादा थेंब, मऊ फडकं. लेबल कोरडं ठेवा आणि सावलीत वाळवा. एलपीच्या (नंतरच्या, बारीक खाचांच्या तबकड्यांच्या) प्लेअरवर वाजवणार असाल तर सुईही बदला. एलपीची सुमारे २५ मायक्रॉनची सुई ७८च्या रुंद खाचेच्या तळाशी घसरते आणि गाण्याऐवजी तिथली धूळच वाजवते. ७५ मायक्रॉनच्या आसपासची घ्या.