विंडोज आपोआप बसवताना इतर सॉफ्टवेअरचे इन्स्टॉलर कुठे ठेवावेत?

मालवणच्या आपल्या संगणक वर्गात विंडोज आपोआप बसते, पण पेन ड्राइव्हवरील इन्स्टॉलर काही यंत्रांवर सापडत नाहीत, असे आपण लिहिले आहे. एका यंत्रावर जो ड्राइव्ह 'डी' असतो तोच दुसऱ्यावर 'ई' होतो आणि आज्ञेतील मार्ग चुकतो, हे त्याचे नेहमीचे कारण.

पेन ड्राइव्हवरील 'सोर्सेस' फोल्डरमध्ये '$ओईएम$' व त्यात '$1' अशी फोल्डर (नावे अर्थातच रोमन लिपीत) करून इन्स्टॉलर तिथे ठेवावेत, म्हणजे सेटअप ते स्वतःच सी ड्राइव्हवर उतरवतो. इन्स्टॉलर चालवण्याच्या आज्ञा 'सेटअपकम्प्लीट' या सीएमडी फाइलमध्ये (आज्ञांची यादी असलेली फाइल) लिहून ती '$ओईएम$' मधल्याच '$$' या फोल्डरखालील 'सेटअप' व त्यातील 'स्क्रिप्ट्स' या फोल्डरमध्ये ठेवावी. ही फाइल लॉगिनचा पडदा येण्यापूर्वी सिस्टम खात्याने (विंडोजच्या स्वतःच्या अंतर्गत खात्याने) चालते. तेव्हा 'नेक्स्ट' दाबायला कोणीच नसते, म्हणून एमएसआय फाइलच्या (विंडोजच्या एका प्रकारच्या इन्स्टॉलरच्या) आज्ञेला '/क्यूएन', म्हणजे काहीही न विचारता बसवण्याची सूचना, जोडणे आवश्यक आहे. मध्येच यंत्र रीस्टार्ट झाल्यास उरलेल्या आज्ञा पुन्हा सुरू होत नाहीत, त्यामुळे '/नोरीस्टार्ट'ही जोडावे. पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाते, तेव्हा यूपीएसही हवाच.

ओईएम परवान्याच्या (यंत्राच्या उत्पादकाकडून यंत्रासोबत आलेल्या) होम किंवा प्रो आवृत्तीवर मात्र ही फाइल चालतच नाही. तिथे उत्तर-फाइलमधील (सेटअपच्या प्रश्नांची उत्तरे आधीच लिहून ठेवलेल्या फाइलमधील) 'फर्स्टलॉगऑनकमांड्स', म्हणजे पहिल्या लॉगिनला चालणाऱ्या आज्ञा, वापरावे आणि शेवटच्या आज्ञेने इन्स्टॉलरचे फोल्डर पुसावे.