जुन्या अ‍ॅम्बेसेडरला पॉवर स्टीअरिंग अन् डिस्क ब्रेक

प्रश्न : नमस्कार साहेब. घरात आजोबांची १९७४ ची अ‍ॅम्बेसेडर आहे, खानापूरहून चोर्ला घाटातनं गोव्याला न्यायची म्हटलं की भीती वाटतीय, उतारावर ब्रेक मऊ पडतंय आणि बेळगावच्या बाजारात स्टीअरिंग वळवून खांदे भरून येतात. पॉवर स्टीअरिंग आधी बसवू काय?

उत्तर : दादा, आधी ब्रेक बघा, स्टीअरिंग नंतर. जुन्या अ‍ॅम्बेसेडरला चारी चाकांना ड्रम, लांब उतारावर ते तापले की पकड कमी होते, आणि जुनं ब्रेक ऑईल पाणी धरतं, ते उकळलं की पेडल खाली जातं. म्हणून पुढच्या चाकांना डिस्क घाला पण नुसती डिस्क घालून भागत नाही, तिला ड्रमपेक्षा जास्त प्रेशर लागतं, व्हॅक्यूम बूस्टर (पेडलवरचा पायाचा जोर वाढवणारा भाग) लागतो, आणि मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑईल चाकांकडं ढकलणारा भाग) दोन सर्किटवाला घ्या, म्हणजे एक लाईन फुटली तरी दुसरी चालते. ड्रमचाच जुना मास्टर ठेवला तर त्यातल्या व्हॉल्व्हमुळं लाईनमध्ये प्रेशर राहतं, डिस्क घासत राहते, मेकॅनिकला हे आवर्जून विचारा. घाटात गिअर खालचाच ठेवा.

स्टीअरिंगचं म्हणाल तर आधी टायरची हवा, ग्रीसिंग, अलाइनमेंट बघा, बऱ्याचदा तेवढ्यानंच हलकं होतं. इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंगच्या किटला करंट भरपूर लागतो, गाडीत करंट तयार करायला जुना डायनामो असेल तर त्याजागी जास्त करंट देणारा अल्टरनेटर आधी बसवा. आणि काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारा, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत.