चक्कर थांबली तरी स्टेमेटिल रोज चालू ठेवावी का?

नाही, स्टेमेटिल (प्रोक्लोरपेराझिन) चक्कर आणि उलट्यांचा जोर असेपर्यंतच, म्हणजे साधारण ३ दिवस घ्यायची असते. एका कानाची तोल सांभाळणारी यंत्रणा बिघडली की मेंदू काही आठवड्यांत स्वतःच जुळवून घेतो. ही गोळी चक्करेसोबत ते जुळवून घेणंही दाबते, त्यामुळे तोल डळमळीतच राहतो. साठीपुढच्या माणसाला महिनोन्‌महिने दिली तर हात थरथरतात, चाल मंदावते, आणि मग पार्किन्सन समजून आणखी एक गोळी वाढते! सिनारिझिन या चक्करेवरच्या दुसऱ्या गोळीचंही तेच. कुशीवर वळताना मिनिटभरापेक्षा कमी गरगरत असेल तर बहुधा कानातले कण सरकलेले असतात. तिथे गोळ्या जवळपास निरुपयोगी, कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून इप्लीची क्रिया (डोकं ठरावीक क्रमाने वळवून कण जागेवर आणणं) करून घ्या.

बीटाहिस्टिनला (व्हर्टिन वगैरे) हा ३ दिवसांचा नियम लागू नाही. मेनिएरच्या आजारात (आतल्या कानाचा आजार, ज्यात चक्कर येते, कानात आवाज येतो आणि ऐकू कमी येतं) ती दिवसाला २४ ते ४८ मिग्रॅ, विभागून, खाल्ल्यावर, बरेच महिने देतात. अल्सर किंवा दमा असेल तर आधी सांगा.

स्टेमेटिल बरेच महिने चालू असेल तर एकदम तोडू नका, डॉक्टरांना विचारून कमी करा. आणि चक्करेबरोबर बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसले किंवा हात-पाय लुळा पडला तर गोळीची वाट न पाहता १०८ लावा.