बागेतला रोटर, खोल घालायची हौस आणि सारखा तुटणारा बोल्ट

नमस्कार मंडळी. मृगाच्या तोंडावर बागेतलं गवत मोडायची सगळ्यांनाच घाई असते, त्यामुळं यावेळी आलेले प्रश्न जवळपास सगळे छोट्या ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरवरच आहेत, म्हणजे ट्रॅक्टरमागं जोडून फिरत्या पात्यांनी माती मोडायचं अवजार, आपण रोटर म्हणतो तो, सांगोल्याकडून, मोहोळकडून, पंढरपूर भागातल्या द्राक्षवाल्यांकडून. प्रश्न वेगळे दिसतात खरे पण बरीचशी दुखणी एकाच हौसेतून आलीत, रोटर जेवढा जायला पायजे त्यापेक्षा खोल घालायचा. एकेक घेतो.

पहिला सांगोल्याचा. डाळिंबात रोटर वरवरच चालतोय, मागं एक माणूस बसवला की बरोबर खोल जातो, असं केलं तर चालतंय का?

नाही चालत मालक, अजिबात नाही. हे मी गावोगाव बघतो, पोराला नाहीतर गड्याला रोटरच्या फ्रेमवर बसवायचं आणि ट्रॅक्टर हाणायचा. खाली पाती फिरतायत, एखादा दगड लागला, सरीत चाक गेलं, की धक्क्यानं माणूस एकतर मागं पडतो नाहीतर पुढं ट्रॅक्टरकडून रोटर फिरवणाऱ्या शाफ्टवर, आणि ड्रायव्हरला मागचं कळेपर्यंत काही उरत नाही. पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरमागचा हा शाफ्ट फिरवणारा दांडा, 540 चा असतो म्हणजे मिनिटाला 540 फेरे, सेकंदाला 9. उपरण्याचं टोक नाहीतर पदर शाफ्टला लागला तर ओरडायला पण वेळ मिळत नाही. दगड, मातीचं पोतं ठेवणंही नको, ते घसरून शाफ्टवर येतं.

रोटर खोल जात नसेल तर आधी कारण बघा. बाजूचे स्किड, म्हणजे जमिनीवर घसरत चालणाऱ्या पट्ट्या, वर खाली करून खोली ठरते, ते कितीला लावलेत ते बघा, बऱ्याच जणांनी विकत घेतल्यापासून हातच लावलेला नसतो. पाती झिजून बोटाएवढी राहिली असतील तर ती माती कापत नाहीत, नुसती घासतात. डावी उजवी पाती बदलताना उलटी बसली असतील तर धार मागं आणि पाठ पुढं होते, मग पात्याची पाठच जमिनीवर आपटते, हे बघायला विसरू नका. आणि सगळ्यात मोठं म्हणजे वापसा, मशागतीला योग्य तेवढीच ओल. आपली काळी जमीन वाळली की दगड आणि ओली असली की चिखल, दोन्हीत रोटर घालून उपयोग नाही. मूठभर माती दाबून गोळा करा, कमरेच्या उंचीवरून सोडा, फुटला तर वापसा आहे, चपटा होऊन बसला तर दोन दिवस थांबा. कडक जमिनीवर फिरता रोटर एकदम सोडला तर तो ट्रॅक्टरलाच पुढं ढकलतो हे पण लक्षात ठेवा, हलका ट्रॅक्टर असला तर जास्तच, आणि पुढं झाड असलं तर काय होईल ते सांगायला नको.

आणि मुळात बागेत खोल कशाला पायजे? तण मोडायला 3 ते 4 इंच भरपूर झालं.

हाच धागा धरून दुसरा प्रश्न घेतो, कारण तो महत्त्वाचा आहे. एका शेतकऱ्याचं म्हणणं असं की रोटर मारल्यावर महिन्याभरात ओळीतली डाळिंबाची दोन चार झाडं पिवळी पडून वाळायला लागली, रोटरमुळं असं होतं का?

नुसत्या रोटरमुळं मर, म्हणजे झाड वाळवणारा रोग, येते असं नाही, पण रोटर तिला दार उघडून देतो. डाळिंबाची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या थरात, ड्रिपच्या ओल्या पट्ट्यात असतात. खोडाजवळ खोल रोटर गेला की ती तुटतात, जखमा होतात, आणि मर रोगाची सेराटोसिस्टिस बुरशी अशा जखमांतून आत शिरते, त्यात सूत्रकृमी, म्हणजे मातीतल्या मुळं खाणाऱ्या बारीक अळ्या, असली तर आणखी सोपं. शिफारशीप्रमाणं लावण 4.5 बाय 3 मीटर म्हणजे साधारण 15 बाय 10 फूट असली तर दोन ओळींमधे दोन्हीकडच्या झाडांचा घेर वजा जाता मधे 7-8 फुटाचा पट्टा मिळतो, रोटर तेवढ्याच पट्ट्यात चालवायचा, घेराच्या आत घालायचाच नाही. घेराखालचं गवत खुरप्यानं नाहीतर ब्रश कटरनं काढा, मजूर मिळत नाही हे मलाही माहिती आहे पण झाड गेल्यावर त्याची किंमत मजुरीपेक्षा जास्त होते. झाडं वाळलेली दिसत असतील तर मुळं आणि मातीचा नमुना घेऊन सोलापूरजवळच्या केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात दाखवा, अंदाजानं मुळाशी औषधाची आळवणी करत बसू नका.

भाड्यानं रोटर आणणाऱ्यांनी तर एक गोष्ट पाळाच. मर लागलेल्या बागेतून आलेल्या रोटरच्या पात्यांना, पत्र्याला चिकटलेली माती तुमच्या बागेत रोग आणि सूत्रकृमी दोन्ही आणते. बांधाच्या बाहेर पाण्याच्या प्रेशरनं स्वच्छ धुवून, वाळवून मगच आत घ्या, मालक कुरकुरला तरी चालेल. आणि ज्यांच्याकडं लव्हाळा, हरळी आहे त्यांनी रोटर मारून तण गेलं असं समजू नये, हरळीचे तुकडे आणि लव्हाळ्याच्या गाठी रोटर सगळ्या रानभर वाटतो. महिन्यानं दुप्पट उगवतंय.

मोहोळचा प्रश्न. शाफ्टचा बोल्ट सारखा तुटायचा म्हणून वेल्डिंगवाल्यानं जाड हाय टेन्साईल म्हणजे जास्त मजबूत बोल्ट टाकून दिला, आता तुटत नाही पण गिअरबॉक्समधून घरघर आवाज येतो.

येणारच की. तो शिअर बोल्ट तुटायलाच दिलेला असतो, दगड लागला की सगळा झटका त्या स्वस्तातल्या बोल्टवर जावा आणि पुढचे गिअर वाचावेत म्हणून. आता तो तुटत नाही म्हणजे झटका गिअरबॉक्सच्या क्राउन पिनियनला, म्हणजे आतल्या मुख्य गिअरला बसतोय, तिथून ट्रॅक्टरच्या पीटीओपर्यंत. तो बोल्ट आजच काढा आणि कंपनीनं सांगितलेल्याच ग्रेडचा घाला, जादाचे डब्यात ठेवा. गिअरबॉक्सचं तेल काढून बघा, त्यात चकाकणारा चुरा दिसला तर मेकॅनिककडं न्या, तसाच चालवू नका.

बोल्ट सारखा तुटतो त्यालाही कारण असतं. रोटर जमिनीत टेकलेला असताना फुल रेसवर पीटीओ टाकायचा ही आपल्याकडची सवय. आधी रोटर जमिनीवरून थोडा उचला, रेस कमी ठेवून पीटीओ टाका, मग रेस वाढवा, ट्रॅक्टर हळू चालू झाला की रोटर सावकाश सोडा. शाफ्टचे दोन्हीकडचे योक, म्हणजे टोकाचे दुबेळके सांधे, एका रेषेत आहेत का बघा, शाफ्ट काढून परत घालताना ते आडवे तिडवे बसतात, मग शाफ्ट झटके देत फिरतो आणि सांध्यातला क्रॉस खातो. दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला लावताना शाफ्टची लांबी पण तपासा, लांब पडला तर उचलताना गिअरबॉक्सला धडकतो, आखूड पडला तर निसटतो. वळताना फार उंच उचलून पीटीओ चालू ठेवला की शाफ्टला जादा कोन पडतो आणि खडखड सुरू होते. वळणावर पीटीओ बंद करा ना, दोन सेकंदाचं काम आहे. मागं घेताना तर रोटर वर आणि पीटीओ बंदच पायजे.

पंढरपूरकडच्या द्राक्ष बागायतदारांचा प्रश्न असा की छाटणीनंतर काड्या, सुतळी, बांधायची तार आणि कधी ड्रिपची नळीच रोटरला गुंडाळते, ती लवकर कशी काढायची?

लवकर काढायचीच नाही. जेवढे हातपाय गेलेत त्यातले कितीतरी इथंच गेलेत. क्लच दाबला म्हणजे रोटर थांबला असं धरू नका, काही ट्रॅक्टरला क्लच अर्धाच दाबला तर पीटीओ फिरतच राहतो, काहींना तो वेगळाच असतो. पीटीओ लिव्हर न्यूट्रल, इंजिन बंद, चावी काढून खिशात, ब्रेक लावा आणि पाती पूर्ण थांबलेली डोळ्यानं बघा, मग उतरा. रोटर उचलून खाली काम करायचं असेल तर फ्रेमखाली दोन्ही बाजूला लाकडाचे ओंडके द्या, लिफ्टवर विश्वास नाही, लिव्हरला कुणाचा हात लागला किंवा तेल उतरलं की रोटर सरळ खाली येतो. मग हातमोजे घालून विळ्यानं कापून काढा. वायर किंवा नायलॉन रोटरच्या शाफ्टच्या कडेला शिरलेला असतो तो पण काढा, तोच तेल अडवणारं सील कापतो, तेल गळून बेअरिंग जातं, आणि तुम्ही म्हणता सील खराब निघालं. खरा उपाय आधीचा, ड्रिपची लॅटरल नळी उचलून तारेवर टांगा, सुतळ्या गोळा करा, मग रोटर आत घ्या.

एकानं विचारलंय पोरगा आठवीत आहे, ट्रॅक्टर चांगला चालवतो, बागेत दिला तर? नको. चांगला चालवत असला तरी नको, 18 पूर्ण आणि लायसन, त्याशिवाय नाही.

देखभालीचं थोडक्यात. रोज कामाला लागायच्या आधी पात्यांचे नटबोल्ट पान्यानं ओढून बघायचे, नवीन पाती असतील तर पहिल्या तासा दोन तासानं परत एकदा, कारण नवीन बोल्ट सैल पडतात आणि सुटलेलं पातं गोळीसारखं जातं. म्हणूनच मागचा पत्रा काढून कधी चालवू नका आणि शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर फेकून देऊ नका, फाटलं असेल तर नवीन घ्या. क्रॉसच्या निपलला 8-10 तासाला ग्रीस. गिअरबॉक्स आणि बाजूच्या गिअर पेटीचं तेल पुस्तकात दिलंय तेच, ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा करून लेव्हल बघा. पाती बदलताना एखाद दुसरं न बदलता निदान त्या फ्लँजचा, म्हणजे पाती बसवलेल्या चकतीचा, सेट बदला, नाहीतर वजन कमी जास्त होऊन रोटर थरथरतो आणि सगळे बोल्ट परत ढिले. हंगाम संपला की धुवून, पात्यांना जुनं ऑइल फासून, ओंडक्यावर ठेवून द्या.

आणि समजा लागलंच, तर स्वच्छ कापडानं जखम घट्ट दाबून धरा आणि 108 ला फोन करा, हळद, माती, चुना काही भरू नका. अपघातात जीव गेला किंवा हातपाय, डोळा कायमचा गेला आणि तो सातबारावर नाव असलेला शेतकरी किंवा त्याच्या घरातलं एक माणूस असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मदत मिळते, त्याचा अर्ज तालुका कृषी अधिकारी कार्यालयात द्यायचा. दवाखान्याचे कागद, पंचनामा यातलं काही फेकू नका आणि महिना जाऊ देऊ नका.