बस्त्याआधी एक प्रश्न

लग्नसराई तोंडावर आली की परभणीत समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या आयांची एक तक्रार ठरलेली असते : पोरगी मोबाइलवर नट्यांची लग्नं बघते आणि आपल्या ऐपतीबाहेरचं मागते, हिला जरा समजावून सांगा. त्यातलीच ही एक हकिकत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वडिलांची जिंतूर तालुक्यात कोरडवाहू शेती. मुलगी शहरात औषधाच्या दुकानात कामाला. सुपारी फुटली होती, बस्ता आठवड्यावर आला होता. "येडीच झालीय मॅडम, त्या लेहंग्यापायी," आई खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली. "६५ हजाराचा! आन् रंग कसा, तर धुऊन धुऊन विटल्यावानी. सासरचे काय म्हणतील, नवरीला लाल-हिरवंबी घेता आलं न्हाई यांना?"

मुलगी खाली बघत होती. आईला थोडा वेळ बाहेर बसायला सांगून मी तिचे फोटो बघायला मागितले. डिसेंबर २०१७ मध्ये इटलीत झालेलं अनुष्का शर्माचं लग्न, डिझायनर सब्यसाचीचा तो फिकट गुलाबी लेहंगा. मग आलिया भट, कियारा अडवाणी. फिक्या रंगांची तीच वाट. आणि त्याखाली जालन्याच्या, नांदेडच्या मेकअपवाल्यांनी टाकलेले आपल्याकडच्या मुलींचे फोटो, त्याच रंगात.

"यातलं तुला नेमकं काय आवडतं?" मी विचारलं. तिनं बोटांनी फोटो मोठा केला. लेहंगा बाजूला गेला, चेहरा समोर आला. "हिनं सगळं स्वतः ठरवलं असंल ना मॅडम?"

मग ती बोलायला लागली. स्थळ मामानं आणलं. तारीख गुरुजींनी काढली. मंगल कार्यालय सासऱ्यांनी ठरवलं. बस्त्याचं दुकान चुलत्यांच्या ओळखीचं. "वाटलं, रंग तरी मला विचारतील. तो पण आत्यानं सांगून टाकला."

आईवडिलांना अशा वेळी फक्त हट्ट ऐकू येतो, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. पण म्हणून ते फोटो निरागस आहेत असंही मी तिला सांगितलं नाही. तो मोठा व्यापार आहे. डिझायनर, स्टायलिस्ट, फोटोग्राफर अशा अनेकांचे हात त्या एका हसण्यामागे असतात, आणि फोटो आला की थोड्याच दिवसांत बाजारात नकला लागतात. शिवाय तिचं लग्न मे महिन्यात, भर दुपारचं. आपल्या उन्हात फिकट गुलाबी फोटोत पांढराफटक दिसायची भीती असते. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पुढच्या वेळी वडील आले. मी त्यांना बस्त्याची यादी कागदावर लिहायला लावली. निम्म्याहून जास्त रक्कम आहेराची निघाली : मानपानाच्या साड्या, टोपी-टॉवेल, पाहुण्यांची कापडं. कर्ज होणार होतं ते तिथं, आणि घरात भांडण चाललं होतं एकट्या लेहंग्यावरून. वडील बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. "आहेर न्हाई केला तर भावकीत तोंड कसं दाखवावं?" ते म्हणाले. भावकीची ही भीती खोटी नाही, ती मी उडवून लावली नाही.

शेवटी ठरलं ते असं. नवरीच्या कपड्यांना ३० हजार, आकडा तिला आधीच सांगायचा, आणि त्यात रंग-पोत सगळं तिचं. आत्याबाईंनी मध्ये पडायचं नाही. टोपी-टॉवेल बंद, मानाच्या साड्या मात्र राहिल्या. हातमागाची पैठणी त्या पैशात तिच्या मनासारखी मिळेना, म्हणून तिनं गुलाबीच पण जरा गडद छटेची, मोरांच्या पदराची सेमी पैठणी घेतली. रिसेप्शनला फिका लेहंगा भाड्यानं आणला. आईला तो रंग अजूनही पसंत नाही आणि ती तसं बोलूनही दाखवते.

नटीसारखे कपडे मागणाऱ्या मुलीची मला एरवी काळजी वाटत नाही. तिला आकडा मोकळेपणानं सांगा आणि फोटोतलं काय आवडलं ते विचारा. पण कपड्यांसाठी ती चोरून मोबाइल ॲपवरून कर्ज काढत असेल, बारीक दिसायचं म्हणून जेवण टाळत असेल, किंवा कपडे नाहीत म्हणून घराबाहेर पडणंच तिनं सोडलं असेल, तर बस्ता होईपर्यंत थांबू नका, तिला लगेच घेऊन या.