आईची पाठ रगडून देताना ती रडायला लागते. मालिश बंद करावी का?

बंद करू नका. दुखत नाही असं आई स्वतः सांगताहेत ना, मग झालं. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी फिजिओथेरपी करते. वडील गेल्यापासून मान-पाठ धरलेली, तपासण्या नॉर्मल, आणि तुम्ही माहेरी येऊन तेल लावलं की रडू फुटतं, हे तुम्ही लिहिलंय ते माझ्याकडे नेहमी घडतं. कापूस वेचणीच्या दिवसांत जास्तच. पाठ दाखवायला आलेली बाई मधेच हुंदके देते आणि मलाच म्हणते, "काई नाई वो मॅडम, असंच पानी आलं डोयाले."

दुःख स्नायूंत साठतं आणि चोळल्यावर बाहेर पडतं, हे मात्र शब्दशः खरं नाही. विल्हेल्म राइख या मनोविश्लेषकाने गेल्या शतकात स्नायूंच्या 'चिलखता'ची कल्पना मांडली, असले बरेच दावे तिथूनच निघालेत. पुरावा नाही. मालिशने कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, धडाधड उतरतं असंही सर्रास छापतात. २०११ साली अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा तो परिणाम अगदी किरकोळ निघाला.

होतं ते साधं आहे. काळजीतला माणूस नकळत खांदे वर ओढून, दात आवळून बसतो, श्वास वरच्या वर घेतो. महिनोन्महिने असं चाललं, वर वावरात दिवसभर वाकणं, तर मान धरणारच. आणि पाठीच्या, हाताच्या कातडीत काही संथ चेतातंतू असतात. सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर अशा हळू फिरणाऱ्या हाताला ते सर्वात जास्त दाद देतात, आणि त्यांचा निरोप मेंदूत भावनांशी निगडित भागात पोचतो. अंग सैलावतं, श्वास खोल जातो, आणि चारचौघांत दाबून धरलेलं रडू तेव्हा आवरत नाही.

शिवाय आपल्याकडे बाईच्या अंगाला दुसऱ्याचा हात लागतो तो बाळंतपणात. सव्वा महिना मालिश, शेक, की संपलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तूप-हळद लावून शेकतो, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणतो. त्याच वावरात राबणाऱ्या बाईचे खांदे कोण पाहतं? नवरा गेलेल्या बाईला तर मायेनं जवळ घेणारंही कुणी उरत नाही.

तेल जवसाचं, तिळाचं, घरात असेल ते. गुण तेलापेक्षा हाताचा. मणक्यावर दाबू नका, दोन्ही बाजूंनी कमरेपासून वर या. मान कडकन मोडायची हौस न्हाव्याकडेच राहू द्या. रडल्या तर "रडू नको" नको आणि "काय झालं?" पण नको. हात तसाच चालू ठेवा. बोलल्या तर ऐका, थांब म्हणाल्या तर थांबा.

एकाच पोटरीला सूज, लाली, गरमपणा असेल तर तिथे अजिबात चोळू नका. रक्ताची गुठळी असू शकते, आधी डॉक्टरला दाखवा. हाताला मुंग्या येत असतील, ताकद कमी वाटत असेल, ताप असेल किंवा वजन उतरत असेल तरीही तेच. आणि दोन आठवड्यांहून जास्त झोप-जेवण उडालं असेल, जगण्यात राम नाही असं त्या बोलत असतील, तर मालिशीवर विसंबू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. आईंना संकोच वाटत असेल तर पहिला फोन तुम्हीच लावा.