स्नोफ्लेक ईल आणायच्या आधी झाकण बघ

पहिली मोरे ईल (सापासारखा लांब समुद्री मासा) म्हणून स्नोफ्लेक घेतोयस, निवड चांगली आहे. पण आज बोटाएवढी जाड दिसते ती पुढे लांबीला दोन फुटांच्या घरात जाते, तेव्हा टाकी निदान 250-300 लिटरची हवी आणि स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) दमदार.

सगळ्यात आधी झाकण. पाइप आणि वायर आत जातात तिथली फट नीट तपास. डोकं शिरलं की अख्खी ईल बाहेर. माझी पहिली अशीच फिल्टरमागच्या फटीतून निसटली, सकाळी जमिनीवर कोरडी पडलेली सापडली. अजून चुटपुट लागते. जाळी घट्ट बसव, वर वजन ठेव.

दगड वाळूवर नको, थेट तळाच्या काचेवर रच. ती खालून उकरते आणि ढीग कोसळतो.

तोंडाची सारखी उघडझाप चालते ती रागाने नव्हे, श्वासासाठी. नजर अधू, सगळा कारभार वासावर. म्हणून कोळंबीचा तुकडा लांब चिमट्यानेच दे, आठवड्यातून दोन-तीनदा. हाताला खाद्याचा वास असताना बोटं पाण्यात घालू नकोस. टाकीत शोभेच्या कोळंब्या किंवा खेकडे असतील तर आधी दुसरीकडे हलव, तिला ते जेवणच वाटणार. नवीन आणलेली ईल कधीकधी आठवडाभर तोंड लावत नाही. तेवढ्याने घाबरू नकोस.